काढलेल्या मांसाचा हिशेब: बारा आठवड्यांच्या नोंदी

४ जानेवारी

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्यातून एक पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, काढला. तपासणीत तो साधा निघाला. पुढच्या तपासणीची तारीख देताना डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्याला मांस किती होतं तुमच्याकडे?" मला सांगता आलं नाही. "होतं बऱ्यापैकी," एवढंच म्हणालो. तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. आज वही काढली.

घरात आम्ही चौघं: मी, बायको, सोळा वर्षांची लेक आणि माझे वडील, अण्णा, वय ७४. मांस पूर्ण सोडायचं नाही, कमी करायचं. सॉसेज, हॅम, सलामी असलं प्रक्रिया केलेलं मांस बंद. लाल मांस आठवड्यातून एकदा. आणि हे करताना घरातल्या एकाचंही प्रोटीन कमी पडू द्यायचं नाही. ही वही त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. नुसतं कमी करायचं असतं तर लिहायची गरज नव्हती.

पुरेसं म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या २००७ च्या संयुक्त अहवालात प्रौढांसाठी रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हा सुरक्षित आकडा दिला आहे. सरासरी गरज ०.६६ ग्रॅमच आहे. जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांची गरज त्यात बसावी म्हणून आकडा वर नेलेला आहे. वनस्पतींचं प्रोटीन थोडं कमी पचतं, म्हणून मी माझ्यासाठी आणि बायकोसाठी किलोमागे १ ग्रॅम धरलं. लेक रोज पोहते, तिला १.२. अण्णांनाही १.२, कारण वय वाढतं तसं तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू कमी बांधले जातात. ६५ च्या पुढे १.० ते १.२ ग्रॅम घ्यावं, असं या विषयातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१३ साली सुचवलं आहे. अण्णांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आहेत आणि डॉक्टरांना विचारूनच हे ठरवलं. मूत्रपिंड अधू असेल तर हा आकडा स्वतःच्या मनाने उचलू नये.

तर लक्ष्य असं. मी ७० ग्रॅम, बायको ६०, लेक ६२, अण्णा ७०. एकूण २६२. अण्णांचा आणि माझा आकडा एकच आला, पण त्यांचं जेवण माझ्या निम्म्याने. हे आत्ताच लिहून ठेवतो.

१२ जानेवारी

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त वजन केलं. स्वयंपाकघरात ओट्यावर वजनकाटा ठेवला. अण्णांना ते आवडलं नाही. "घास मोजून खायचा का आता?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जेवा, मी मोजतो.

शिजवलेलं मांस आठवड्याला ४,२०० ग्रॅम. त्यात लाल मांस १,९००, प्रक्रिया केलेलं ७००, बाकी १,६०० चिकन. मला धक्का बसला तो ७०० च्या आकड्याचा. माणशी रोज २५ ग्रॅम! आमच्या डोक्यात ते "कधीतरी, ब्रेडबरोबर" होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी मांडलं. हे १८ टक्के आधीच्या धोक्यावरचे आहेत: समजा शंभरातल्या पाचांना हा आजार होणार असेल तर तो आकडा सहाच्या जवळ जातो. आकाश कोसळण्याइतकं ते मोठं नाही. पण ज्याच्या आतड्यातून एकदा काही काढलंय त्याला पाच आणि सहातला फरक कळतो.

प्रोटीनचा हिशेब: मी १०४ ग्रॅम, बायको ७८, लेक ९२, अण्णा ६४. एकूण ३३८.

हे पुन्हा पुन्हा तपासलं. घरात गरजेपेक्षा रोज ७६ ग्रॅम जास्त येतंय, तरी अण्णा कमीच. जास्तीचं बहुतेक माझ्या आणि लेकीच्या ताटात होतं. पातेल्यात भरपूर असलं की सगळ्यांना पुरतंय असं वाटत राहतं.

माझ्या १०४ ग्रॅमबद्दल थोडं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल फॉइट यांनी कष्टकरी माणसासाठी रोज ११८ ग्रॅम प्रोटीन सांगितलं होतं आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षं प्रमाण मानला गेला. १९०४ साली येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी सैनिकांवर, खेळाडूंवर आणि स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की त्याच्या निम्म्यातही माणसं धडधाकट राहतात. मी तर दिवसभर खुर्चीत बसतो.

१३ जानेवारी

आजपासून कपात. आठवड्याला १,२०० ग्रॅम मांस: लाल ४००, चिकन ८००. बायको म्हणाली, एकदम एवढं? मी म्हटलं, एकदमच करूया, हळूहळू म्हटलं की आपण विसरतो. ही माझी चूक होती, पण ती पुढच्या नोंदीत.

२० जानेवारी

आठवडा वाईट गेला. मांस काढलं आणि त्या जागी आपोआप जे आलं ते म्हणजे बटाटे, जास्तीचा भात, भाज्या. पोट भरलं. दुपारी चार वाजता मात्र मला आणि लेकीला सपाटून भूक लागायची आणि हात बिस्किटांकडे जायचा.

आकडे: मी ७२, बायको ५८, लेक ६४, अण्णा ४१. एकूण २३५.

तिघांचं ठीक आहे. अण्णा ४१. त्यांचं वजन ५८ किलो, म्हणजे किलोमागे ०.७१ ग्रॅम. तरुण माणसाच्या सुरक्षित आकड्याच्याही खाली. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. जे वाढलं ते खाल्लं आणि उठले. मी माझ्या आतड्याची काळजी करताना त्यांच्या पायातली ताकद काढून घेत होतो. मनाला फार लागलं ते.

म्हणून प्रकल्पाची मोजपट्टी बदलतोय. आता घराची एकूण बेरीज बघायची नाही. घरात सगळ्यात कमी जेवणाऱ्या माणसाचं ताट बघायचं. अण्णांच्या ताटात भरलं तर बाकीच्यांच्या ताटात भरेलच, त्यांच्याकडे भूक आहे.

अण्णांची एक साधी चाचणीही सुरू केली: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, वेळ मोजायचा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्नायूंची ताकद घटल्याची शंका घ्यावी, असं स्नायूक्षयावरच्या युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत आहे. अण्णांना १५.८ लागले.

२४ जानेवारी

तीन दिवस खूश होतो. मसूर सुरू केला, अण्णांचा आकडा एकदम ६८ वर गेला. आज संशय आला, कारण ताट तर तेवढंच दिसत होतं.

चूक सापडली. पाकिटावर मसुरात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. ते कोरड्या मसुराचं. मी वजन करत होतो शिजवलेल्याचं. शिजताना मसूर पाणी पितो आणि दाण्याचं वजन अडीचपटीहून जास्त होतं. शिजवलेल्या मसुरात १०० ग्रॅमला ९ ग्रॅम. अण्णांनी १२० ग्रॅम मसूर खाल्ला की मी ३० लिहायचो, खरे होते ११. खरा दिवसाचा आकडा ४९.

मांसाचं उलटं होतं. कच्च्या चिकनमधलं पाणी शिजताना निघून जातं, म्हणून शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या तुकड्यात १०० ग्रॅमला ३१ ग्रॅम भरतात, कच्च्यात बाविसेक. म्हणजे "मसूर २५, चिकन २२, मसूर जास्त पौष्टिक" अशी जी तुलना सगळीकडे फिरते ती कच्च्याची कच्च्याशी आहे. ताटात येतं तेव्हा चित्र पालटलेलं असतं. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: "वजन शिजवलेल्याचं, आकडाही शिजवलेल्याचाच."

याच रात्री बसून आकडा मुळात येतो कुठून हे वाचलं. प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी बिअरच्या धान्यासाठी ही पद्धत बसवली. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजन गुणिले ६.२५. नायट्रोजन कुठून आला हे त्या पद्धतीला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळलं गेलं ते याच फटीतून: पाणी घातलेलं दूध चाचणीत प्रोटीनयुक्त दिसावं म्हणून. तान्ही मुलं त्यात दगावली. पाकिटावरचा आकडा हा मोजलेला नायट्रोजन आहे, हे त्यानंतर मी विसरू शकत नाही.

२९ जानेवारी

अण्णांचा खरा प्रश्न जागेचा आहे. ३० ग्रॅम प्रोटीन नुसत्या शिजवलेल्या मसुरातून हवं असेल तर ३३० ग्रॅम मसूर लागतो, मोठा वाडगा भरून. चिकन असतं तर शंभर ग्रॅममध्ये काम झालं असतं. शिवाय मसुराच्या शंभर ग्रॅममागे आठेक ग्रॅम तंतू (फायबर) आहेत, ते पोट लवकर भरवतात. वजन कमी करायचं असणाऱ्याला हे वरदान आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन घासांनी पोट भरणाऱ्या माणसाला नाही.

म्हणून त्यांच्यासाठी वेगळी मांडणी केली. सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि पाव लिटर दूध (८), त्यात २० ग्रॅम स्निग्धांश काढलेली दूध पावडर ढवळून (७). २७ ग्रॅम, आणि चावायला जवळजवळ काही नाही. दुपारी मसूर किंवा सालं काढलेली डाळ, सोबत दही. रात्री चिकनचे ५० ग्रॅम किंवा घट्ट टोफूचे (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) शंभर.

त्यांच्या दिवसाची सुरुवातच आधी प्रोटीनशिवाय होत होती: चहा आणि ब्रेड. बाकीच्यांचीही. रात्रीच्या जेवणात ढीगभर आणि सकाळी काही नाही, अशी आमची जुनी वाटणी. उतारवयात एका जेवणात २५-३० ग्रॅमपर्यंत पोचलं तर स्नायू बांधण्याचं काम नीट सुरू होतं असं म्हणतात. त्याला ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल चालना देतं, आणि ते दुधात-अंड्यात चांगलं असतं. सकाळ दुरुस्त केली की निम्मं काम होतं असं मला या आठवड्यात वाटू लागलंय.

एक निर्णय झाला: अण्णांचं चिकन कमी करायचं नाही. उरलेल्या मांसातला मोठा वाटा त्यांचा.

२ फेब्रुवारी

लेकीने हरभरे खायला नकार दिला. "बाबा, मला पाण्यात उतरल्यावर पोट फुगल्यासारखं वाटतं." बरोबर होतं तिचं. आम्ही एका आठवड्यात कडधान्यं शून्यावरून रोज दोनदा वर नेली होती.

रॅफिनोज आणि स्टॅकियोज या साखरा कडधान्यांत असतात. त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारून वायू सोडतात. उपाय जुनेच आहेत: आठ ते बारा तास भिजवायचं, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात शिजवायचं. या साखरा पाण्यात उतरतात. मोड आणले तर आणखी घटतात. मी भिजवण्याचं पाणी "सत्त्व जातं" म्हणून वापरत होतो. ते थांबवलं.

लेकीला दोन आठवडे फक्त सालं काढलेली मसुराची डाळ, अर्धी वाटी. हरभरे नंतर, चमच्या-चमच्याने. पोटातल्या जिवाणूंनाही सवय लागायला वेळ द्यावा लागतो.

५ फेब्रुवारी

राजमा फेकून दिला, पूर्ण भांडं. स्लो कुकरमध्ये मंद आचेवर रात्रभर ठेवला होता, सकाळी मऊ झाला होता. वाढण्याआधी सहज वाचलं म्हणून वाचलो.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी लेक्टिन (एक प्रकारचं प्रोटीन) असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. खळखळ उकळल्याशिवाय ते मरत नाही. मंद आचेवर ८० अंशांपर्यंतच तापलेल्या राजम्यात ते कच्च्यापेक्षा जास्त प्रभावी होऊ शकतं. दाणा मऊ झाला म्हणजे निर्धोक झाला असं नाही, हे मला माहीत नव्हतं. नियम: किमान पाच तास भिजवणं, पाणी फेकणं, ताज्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं जोरात उकळणं (मी तीस धरतो), मग हवं तर मंद आच. प्रेशर कुकरमध्ये शिजवला तर प्रश्न येत नाही. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो.

१० फेब्रुवारी

आज जागतिक कडधान्य दिन. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१९ पासून पाळला जातो. आमच्याकडे योगायोगाने आज हरभरेच होते आणि लेकीने चार चमचे खाल्ले.

बायकोने विचारलं, "ग्रॅम भरले म्हणजे झालं का? वनस्पतींचं प्रोटीन अपुरं असतं म्हणतात." या प्रश्नावर मी दोन संध्याकाळी घालवल्या.

प्रोटीन वीस अमिनो आम्लांचं बनतं. त्यातली नऊ शरीर तयार करू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. यातलं शेवटचं, थ्रिओनीन, १९३५ साली विल्यम रोझ यांनी शोधलं. ही नऊही वनस्पतींत असतात. "नसतात" असं जे म्हटलं जातं ते चूक आहे; प्रमाण कमी-जास्त असतं एवढंच. आणि व्यवहारात एकाच आम्लाकडे लक्ष ठेवलं की बहुतेक काम होतं: लायसीन.

माझ्यावर हिशेब करून पाहिला. प्रौढाला किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम लायसीन लागतं. मी ७० किलो, म्हणजे २,१००. गव्हाच्या प्रोटीनमध्ये ग्रॅममागे साधारण २५ मिलिग्रॅम. माझे सगळे ७० ग्रॅम गव्हातून आले तर १,७५०. कमी पडतं, आणि वहीत मात्र ७० ग्रॅम पूर्ण दिसतात! आता त्यात २०० ग्रॅम शिजवलेला मसूर घालू. त्याच्या १८ ग्रॅम प्रोटीनमध्ये ग्रॅममागे ७० मिलिग्रॅम लायसीन आहे, म्हणजे १,२६०. उरलेले ५२ ग्रॅम गव्हाचे, १,३००. एकूण २,५६०. भागलं. एका वाडग्याने.

मसुरात जे कमी (मेथिओनीन आणि त्याच्या जोडीची गंधकवाली आम्लं) ते धान्यात आहे. दोन्ही एकाच घासात हवीत ही समजूत १९७० च्या दशकात फार पसरली होती. तशी गरज नाही. शरीर दिवसभरातल्या आम्लांचा साठा वापरतं. सकाळी धान्य आणि रात्री कडधान्य चालतं. बायकोला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे रोज एक वाडगा कडधान्य, एवढंच ना?" हो, एवढंच.

सोयाबीनचा प्रश्नच वेगळा. त्याच्या प्रोटीनची गुणवत्ता अंड्या-दुधाच्या जवळ जाते. म्हणून टोफूचे ग्रॅम मी पूर्ण धरतो.

१७ फेब्रुवारी

लेक तलावावरून गप्प गप्प आली. प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, मांस नाही तर दम कुठून येणार. तिचा आकडा आता रोज ७० आहे, लक्ष्यापेक्षा वर. तरी ती खचली होती. मी तिला फाउलहॉर्नची गोष्ट सांगितली. ती इथे नीट लिहून ठेवतो, कारण मला ती फार आवडते.

एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग यांचं म्हणणं होतं की स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःचंच प्रोटीन जाळतात. रसायनशास्त्रात त्यांचा एवढा दबदबा की लोकांनी ते मानलं. जास्त कष्ट, जास्त मांस, हे समीकरण तिथून घट्ट झालं. ऑगस्ट १८६५ मध्ये झुरिकचे दोन प्राध्यापक, आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस, स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएंझ सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न शिखर चढले. जवळजवळ दोन हजार मीटरची चढण. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रोटीन बंद केलं होतं. चरबीत तळलेल्या पिठूळ स्टार्चच्या वड्या, साखर घातलेला चहा, एवढ्यावर चढले. वाटेत आणि नंतर स्वतःची लघवी जमवत गेले. प्रोटीन जळलं की त्यातला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो, तो मोजला. शरीराचं वजन दोन हजार मीटर वर न्यायला जेवढी शक्ती लागली तेवढी त्या जळलेल्या प्रोटीनमधून निघूच शकत नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रोटीन जाळून त्याची उष्णता प्रत्यक्ष मोजली आणि हिशेब पक्का झाला. कष्टाचं इंधन स्टार्च आणि चरबी. प्रोटीन दुरुस्तीला आणि बांधणीला.

"म्हणजे पोहण्याआधी भात आणि पोहून झाल्यावर अंडी?" लेक म्हणाली. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

प्रशिक्षकांवर राग नाही. पोहणाऱ्या मुलीला प्रोटीन जास्त लागतं हे त्यांचं खरंच आहे. ते फक्त मांसातूनच येतं, एवढंच चूक आहे.

२५ फेब्रुवारी

खिमा. घरातला सगळ्यात लाडका पदार्थ, आणि सगळ्यात सोपी सुटका तिथेच सापडली. सोया ग्रॅन्यूल्स कोरडे असताना निम्मं वजन प्रोटीनचं असतं. पाण्यात फुगून तिप्पट होतात तेव्हा १०० ग्रॅमला सोळा-सतरा ग्रॅम. ४०० ग्रॅम मांसाऐवजी २०० मांस आणि २०० फुगवलेले, घट्ट पिळलेले ग्रॅन्यूल्स. पिळणं महत्त्वाचं, नाहीतर पाणी सुटून खिमा गिळगिळीत होतो. मसाला आधी ग्रॅन्यूल्सना लावायचा, कारण चव त्यांना स्वतःची नसते. कांदा खरपूस परतून घ्यायचा.

कुणाला कळलं नाही. जेवण झाल्यावर सांगितलं तर लेकीने कढईत डोकावून पाहिलं.

पूर्ण मांस काढून केलेला खिमा मात्र जमला नाही. एकदा केला, अण्णांनी ताटात ठेवला. अर्धं-अर्धं हेच आमच्या घराचं माप दिसतंय.

३ मार्च

बायको थायरॉइडची गोळी घेते. सोयाबीनमुळे त्या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, कमी शोषलं जाऊ शकतं, म्हणून गोळी उपाशीपोटी आणि सोया दुपारनंतरच. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी काही आठवड्यांनी पातळी तपासायला सांगितली. हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं. सोयातल्या आयसोफ्लेव्होन या द्रव्यांमुळे पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होतो ही भीती अण्णांच्या मित्रांनी घातली होती. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेल्या विश्लेषणांत तसा परिणाम दिसलेला नाही.

लोह: मांसातलं लोह सहज शोषलं जातं, कडधान्यांतलं कमी, कारण त्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. सोबत लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची. क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. चहा-कॉफी जेवणाला लागून नको. लेकीसाठी हे विशेष, या वयात मुलींचं लोह झपाट्याने घटतं. ब १२ ची चिंता आम्हाला नाही, दूध-अंडी आणि थोडं मांस आहे. सगळं सोडणाऱ्यांना मात्र गोळी किंवा ते घातलेलं अन्न लागतंच. प्रौढाला रोज २.४ मायक्रोग्रॅम, आणि वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही.

१५ मार्च

आठवडाभर पाहुणे. मांस २,९०० ग्रॅम, त्यात हॅमही आलं. आकडे लिहिले, पुढे.

२९ मार्च

बारावा आठवडा संपला. मांस १,३५० ग्रॅम: चिकन १,०५०, लाल ३००, प्रक्रिया केलेलं शून्य. जानेवारीच्या ४,२०० वरून दोन तृतीयांशाहून थोडी जास्त कपात.

प्रोटीन: मी ६९, बायको ६१, लेक ७१, अण्णा ६६. एकूण २६७.

अण्णा ६६. सत्तर नाही, पण आम्ही पातेलं भरून मांस शिजवत होतो तेव्हाच्या ६४ पेक्षा जास्त. मी इथेच बराच वेळ थांबलो. वजन ५८ वरच आहे. खुर्चीतून पाच उठबसांना १३.९ सेकंद. याचं सगळं श्रेय अंड्यांना देत नाही. फेब्रुवारीपासून ते रोज संध्याकाळी लेकीला आणायला तलावापर्यंत चालत जातात. पण ४१ ग्रॅमवर ते चालायला निघाले असते असं मला वाटत नाही.

पृथ्वीचा हिशेब मी या वहीत केला नव्हता, तरी एक आकडा लिहून ठेवतो. २०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. १०० ग्रॅम प्रोटीनमागे मांसासाठी पाळलेल्या गोवंशाचं हरितगृह वायूंचं सरासरी उत्सर्जन ५० किलो, चिकनचं ५.७, टोफूचं २, वाटाण्याचं अर्ध्या किलोच्याही आत. लाल मांस १,९०० वरून ३०० वर आलं ते माझ्या आतड्यासाठी, पण त्याचा फायदा तिथेच थांबत नाही.

पुढच्या तीन महिन्यांत: अण्णांच्या दुपारच्या दह्याऐवजी पाणी गाळलेलं घट्ट दही, म्हणजे उरलेले चार ग्रॅम येतील. बायकोची थायरॉइड तपासणी. खिम्यात ग्रॅन्यूल्सचा वाटा सहा-चारपर्यंत नेऊन पाहायचा. वजनकाटा रोज नको, महिन्यातून एक आठवडा पुरे.

काटा उचलून कपाटात ठेवत होतो तेव्हा अण्णा म्हणाले, "माझं मी लिहीन." वही त्यांच्याकडे दिली. उद्यासाठी हरभरे भिजत घातले आणि परत आलो तर पान उघडं होतं. त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात तारीख, आणि खाली: "सकाळी अंडी २, दूध १ पेला, पावडर घातली. रात्री टोफू थोडा उरला, उद्या खाईन."